अंधारात उजळलेली पिशवी

खोलीतला दिवा घालवून अतिनील टॉर्च लावली आणि टेबलावरची पिशवी नुकत्याच धुतलेल्या पांढऱ्या सदऱ्यासारखी निळसर चमकायला लागली. शेजारी बसलेले संग्राहक हळूच म्हणाले, "नक्कल ना?" समोर काकू बसल्या होत्या. पिशवी त्यांच्या वडिलांची, दुसऱ्या महायुद्धातली, असं त्यांचं म्हणणं होतं.

"हो" माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. लष्करी सामान तपासताना ही टॉर्च फार उपयोगाची. कपडा पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ती रसायनं या उजेडात चमकतात, पण त्यांचा सर्रास वापर महायुद्धानंतरचा. त्या काळचा कोरा सुती कपडा अंधारात मंदच राहतो. पॉलिएस्टरचं पेटंटच मुळी १९४१ चं. म्हणून शिलाईत तो दोरा सापडला, तर शिलाई युद्धकाळातली नाही हे नक्की होतं.

पण एक गोष्ट खटकत होती. नकली मालात बहुधा दोरा कापडापेक्षा जास्त उठून दिसतो, कारण दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणचे असतात. इथे दोरा आणि कापड अगदी सारखे चमकत होते. मी दिवा लावला आणि विचारलं, "काकू, ही कधी धुतली होती का?"

"अहो, धुतल्याशिवाय कशी आणणार? माळ्यावर किती वर्षं पडून होती. चांगली पावडर लावून ब्रशने घासली. पाणी बघाल तर हिरवंगार! तीनदा बदललं, तरी येतच होतं."

संग्राहकांनी कपाळाला हात लावला. चमक त्या पावडरीतल्या पांढरेपणाच्या रसायनांची होती. मला मात्र त्या हिरव्या पाण्याने हुरूप आला. सैनिक आपल्या पट्ट्यांना आणि पिशव्यांना ब्लँको नावाचा लेप लावत. वडी ओली करायची, ब्रशने फासायची, वाळू द्यायची. तपासणी आली की पुन्हा तेच. वर्षानुवर्षांचे ते थर काकूंनी नकळत धुऊन टाकले होते. वाईट वाटलं, पण बोललो नाही. त्यांनी ती पिशवी मायेनेच घासली होती.

आता ब्रश पोचला नसेल अशी जागा शोधायची होती. ही १९३७ पॅटर्नची, म्हणजे त्या सालच्या ब्रिटिश लष्करी नमुन्याची, छोटी पाठपिशवी. हिच्या बंदांची टोकं दुहेरी दुमडून शिवलेली होती. एका बंदाची दुमड चिमट्याने किंचित उघडली. आत हिरवट भुकटी जशीच्या तशी, आणि टॉर्चखाली तिथलं कापड मंद. दोऱ्याचा एक सुटलेला तंतू काढून पेटवला. कागदासारखा जळला, बोटाने चुरगळेल अशी करडी राख राहिली. पॉलिएस्टर असता तर वितळून कडक मणी झाला असता. बक्कलाखालचं कापड बाजूच्या कापडापेक्षा गडद होतं, आणि पितळेचा हिरवा गंज धाग्यांत पार मुरला होता. चहाच्या पाण्यात बुडवून जुनाट केलेल्या पिशवीचा रंग सगळीकडे एकसारखा येतो. अशी बारीकसारीक सावली तिथे सापडत नाही.

मग झाकणाच्या आतला शिक्का. रुंद बाण, ब्रिटिश सरकारी मालमत्तेची खूण, आणि त्याखाली भारतीय मालाचं आय अक्षर. सालाचा आकडा पुसलेला. भिंगातून बघितलं तर विणीच्या वर आलेल्या, झिजलेल्या धाग्यांवर शाई नव्हती, खोलगट भागात होती. म्हणजे शिक्का आधी पडला, झीज नंतर झाली. मागाहून मारलेल्या शिक्क्याची शाई झिजलेल्या टोकांवरही बसते. हा फरक नीट दिसला की मला अजूनही आनंद होतो.

पिशवी अस्सल होती. पण कोणाची, हे त्यातून कळत नव्हतं, आणि काकूंना तेच हवं होतं. सहज म्हणून शिक्क्याच्या आसपासची जागा अंधारात पुन्हा बघितली. धुतलेलं कापड चमकत होतं आणि त्या चमकीवर चार काळे आकडे उभे राहिले. उजेडात तिथे फिकट डागापलीकडे काही नव्हतं. जुन्या लोहयुक्त शाईचा रंग उडाला, तरी कापडात राहिलेला तिचा अंश हे किरण शोषून घेतो आणि काळा दिसतो. ज्या पावडरीमुळे मी पिशवी नाकारणार होतो, तिनेच त्या आकड्यांना पाटी मिळवून दिली होती.

मी आकडे मोठ्याने वाचले. काकू काही बोलल्या नाहीत. पर्समधून प्लॅस्टिकच्या पाकिटातला घडी घातलेला कागद काढून त्यांनी माझ्यापुढे सरकवला. वडिलांचा सैन्यातून मुक्त झाल्याचा दाखला. क्रमांकाचे शेवटचे चार आकडे तेच.

अहवालात मी लिहिलं: पिशवी अस्सल, साल वाचता येत नाही, आतले चार आकडे दाखल्याशी जुळतात, कापड अलीकडे धुतलेलं. यापुढे पाणी लावू नये, हेही लिहिलं. संग्राहकांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "काकू, आता ही तुम्ही घरीच ठेवा. मी मागणार नाही."

काकूंनी मान हलवली. पिशवी मात्र अजून टेबलावरच होती. "ते आकडे," त्या म्हणाल्या, "पुन्हा एकदा दाखवता?"

मी दिवा घालवला.