दुसऱ्या पानावरची परवानगी

घाटंजी तालुक्यातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी अकरा वर्षं काम करते आहे. दिवाळीनंतर कापसाची वेचणी जोरात सुरू झाली की वर्ग निम्मे रिकामे होतात. पोरी आईसोबत वावरात जातात आणि महिना-दीड महिन्याने परत येतात, तेव्हा परीक्षा तोंडावर असते. मग काउंटरवर तोच प्रश्न येतो, "मॅडम, हे पुस्तक मोबाईलवर भेटन का?"

जास्तीत जास्त मागणी होती ती आमच्याच इथून निवृत्त झालेल्या अर्थशास्त्राच्या सरांच्या पुस्तकाला. १९७२ ची कापूस एकाधिकार खरेदी योजना, सावकारी, कोरडवाहू शेती, सगळं आपल्या भागातली उदाहरणं घेऊन सांगितलेलं. बाहेरच्या पाठ्यपुस्तकांत या पट्ट्याला एखादं पान मिळतं, इथे अख्खं पुस्तक होतं. ते २००३ साली निघालं. प्रकाशन पुढे बंद पडलं. आमच्याकडे तीन प्रती उरल्या होत्या आणि त्यातल्या दोघींची शिवण सुटलेली.

मी पुस्तक स्कॅन करून ठेवलं. विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकायचं आणि पहिल्या पानावर 'केवळ शैक्षणिक वापरासाठी' असं लिहायचं, एवढाच विचार होता. त्या ओळीचे शब्द नेमके काय असावेत हे बघायला मी कॉपीराइट कायदा, १९५७ उघडला आणि कलम ५२ वाचताना लक्षात आलं, की ती ओळ लिहून काहीही होत नाही. ग्रंथालयाला सवलत आहे, पण ती मोजकी: पुस्तक भारतात विक्रीला मिळत नसेल तर ग्रंथालयाच्या वापरासाठी फार तर तीन प्रती. दोनशे मोबाईलवर पाठवणं त्यात कुठेच बसत नाही.

शिक्षकांसाठीची सवलत मोठी आहे. शिकवण्याच्या ओघात शिक्षक किंवा विद्यार्थी मजकुराच्या प्रती काढू शकतात. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ मध्ये दिल्ली विद्यापीठ आणि तिथल्या रामेश्वरी फोटोकॉपी या दुकानावर दावा लावला होता. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अभ्यासक्रमासाठी काढलेले उताऱ्यांचे संच या सवलतीत बसू शकतात असं सांगितलं. पानांची टक्केवारी ठरवून दिली नाही, शिकवण्याला जेवढं गरजेचं तेवढं, हे माप ठेवलं. तो निकाल वाचून मला धीर आला आणि वर्गापुरते उतारे मी बिनधास्त काढून दिले. पण मला हवं होतं ते वेगळं. वेचणीवरून आलेल्या पोरीला अख्खं पुस्तक मिळावं, तिच्या धाकट्या बहिणीला पुढच्या वर्षी मिळावं, पलीकडच्या तालुक्यातल्या कॉलेजलाही मिळावं. त्यासाठी सवलत पुरत नाही, हक्कदाराची परवानगीच लागते.

हक्कदार कोण, इथेच चार महिने गेले.

प्रकाशकांचा मुलगा फोनवर म्हणाला, "घेऊन टाका मॅडम, आमचं काही म्हणणं नाही." एवढ्यावर काम सुरू करायचा मोह झाला होता. पण परवाना लेखी लागतो, तोंडी चालत नाही. लेखी द्यायला तो काही तयार होईना. शेवटी सरांच्या घरी, यवतमाळला गेले. काकूंनी लोखंडी पेटी काढली आणि सात-बाराच्या उताऱ्यांखाली एक पानाचा करार सापडला. 'प्रकाशनाचे सर्व हक्क प्रकाशकाकडे' असं एक वाक्य होतं, मुदतीचा उल्लेख नव्हता. मी ते पान यवतमाळच्या एका वकिलांना दाखवलं. त्यांनी कलम १९ काढून समोर ठेवलं: हक्क देताना मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. म्हणजे २००८ सालीच हक्क सरांकडे परत आले होते! सरांनाही हे माहीत नव्हतं. (१९९४ च्या दुरुस्तीआधीच्या करारांना हा नियम लागू नाही, त्यामुळे जुनं पुस्तक हातात असेल तर आधी कराराची तारीख बघा.)

दुसरा प्रश्न नोकरीचा. नोकरीचं काम म्हणून केलेल्या लेखनाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारी संस्था असू शकते. सरांनी पुस्तक सेवेत असताना लिहिलं होतं. पुढे वाद नको म्हणून मी संस्थेचंही ना-हरकत पत्र घेतलं.

परवानगी कोणत्या अटीवर, यावर सर आणि मी तीन वेळा बसलो. क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने, म्हणजे आपलं लेखन इतरांना कोणत्या अटींवर वापरू द्यायचं ते सांगणारे तयार मसुदे, मी छापून नेले होते. सरांना आधी विनाव्यापारी अट हवी होती. कुणी पुस्तक छापून पैसे कमवू नयेत, हे त्यांचं म्हणणं मला पटत होतं. पण मला बसस्टँडसमोरचा झेरॉक्सवाला दिसत होता, जो पानामागे पैसे घेतो. त्याच्या मनात शंका राहिली तर तो प्रत काढणारच नाही. शिवाय विनाव्यापारी अटीचा मजकूर मराठी विकिपीडियावर घेता येत नाही. केंद्राच्या राष्ट्रीय मुक्त शैक्षणिक संसाधन भांडारातही 'बाय-एसए' हाच परवाना आहे: लेखकाचं नाव द्या, बदल केला असेल तर तसं सांगा, आणि जे बनवाल तेही याच अटींवर खुलं ठेवा. कुणी छापून विकलं तरी विकत घेणाऱ्याला ते पुढे फुकट वाटता येतं.

एक गोष्ट मी मुद्दाम पहिल्यांदा सांगितली: एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही. सर बराच वेळ गप्प बसले. मग विचारलं, "माझ्या नावावर कोणी काहीबाही घुसवलं तर?" कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे लेखकाची प्रतिष्ठा दुखावेल अशा मोडतोडीवर हरकत घ्यायचा हक्क त्यांच्याकडे राहतो, हे मी त्यांना वाचून दाखवलं. आठ दिवसांनी त्यांनी सही केली.

मग खरं अंगमेहनतीचं काम. जुनी फाईल श्रीलिपी या जुन्या फॉन्टमधली, पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरची. ती युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाईलवर दिसेल अशा अक्षरांत, आणल्यावर जोडाक्षरं तुटली, 'कृषी'चं भलतंच झालं. माझ्या स्कॅनमध्ये शब्द शोधता येत नव्हता आणि मोबाईलवर पान वाचायला दरवेळी मोठं करावं लागायचं, म्हणून स्कॅन ठेवून चालणार नव्हतं. एम.ए.च्या सहा विद्यार्थ्यांनी एकेक प्रकरण मूळ प्रतीशी ताडून पाहिलं. फोटोंपैकी बरेच सरांनी स्वतः काढलेले होते, बाकीच्यांचे मालक सापडले नाहीत, ते काढून टाकले. आकडे कुणाच्या मालकीचे नसतात, पण नकाशा काढणाऱ्याचा असतो. म्हणून भूगोलाच्या सरांनी जिल्ह्याचा नकाशा नव्याने काढला आणि त्यावरही त्याच परवान्याची सही दिली.

याच सुमारास संस्थेतल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी सुचवलं, की सोबत ग्रामगीताही टाका, ती तर सगळ्यांचीच. भावना मला शंभर टक्के कळते, आमच्या घरी ती रोज वाचली जायची. पण ती लिहिणारे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ मध्ये गेले आणि लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून साठ वर्षं मोजतात, म्हणजे मुदत २०२८ च्या अखेरपर्यंत आहे. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं त्यांच्या हयातीत छापलेलं साहित्य २०११ पासून खुलं आहे, ते ठेवलं.

पुस्तक आता इंटरनेट आर्काइव्ह या मोफत ऑनलाइन ग्रंथालयात आहे. पण आमच्याकडे नेटवर्क गच्चीवर येतं, तेही वारं असेल तसं. म्हणून ग्रंथालयाच्या संगणकावरून पेनड्राइव्हने किंवा ब्लूटूथने देते. झेरॉक्सवाल्याकडे एक फाईल ठेवली, दुसऱ्या पानावर परवाना मराठीत छापून. वीस छापील प्रती बांधून घेतल्या.

मागच्या महिन्यात एका तांड्यावरची बी.ए.ची विद्यार्थिनी आली. तिने कर्जाच्या प्रकरणाखाली बचत गटांवर चार पानं लिहून आणली होती, आईच्या गटाची वही समोर ठेवून. भीतभीत म्हणाली, "यात जोडलं तर चालन का?" सरांना फोन लावला. त्यांनी चारही पानं ऐकली, दोन ठिकाणी व्याजाचा हिशेब परत करायला सांगितलं आणि म्हणाले, तिचं नाव वेगळं लिहा, माझ्या नावाखाली नको. पुढच्या आवृत्तीत तसंच छापतो आहोत. मराठीच्या मॅडमचा लोकगीतांचा संग्रहही असाच खुला करायचा आहे, त्याचं ना-हरकत पत्र मात्र संस्थेच्या सहीसाठी पडून आहे, सोमवारी परत जायचं आहे.