लॅबला फोटो पाठवायचाय? शार्पनिंग सगळ्यात शेवटी करा

लग्नसराई संपत आली की आमच्या लातूरकडं अल्बमची कामं एकदम अंगावर येतात, आणि त्या गडबडीत प्रिंटसाठीचं शार्पनिंग, म्हणजे फोटोतल्या कडा धारदार करणं, हमखास राहून जातं. स्क्रीनवर कडक दिसणारा फोटो १२ बाय १८ इंचात मऊ आला की लोकं लगेच लेन्सला नाहीतर लॅबला नावं ठेवायलेत. बहुतेक वेळा दोघंही ठीक असतात हो. रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातली कच्ची फाईल, मुळातच थोडी मऊ असते, कारण सेन्सरचा एक पिक्सेल एकच रंग टिपतो आणि बाकीचे दोन शेजाऱ्यांवरून काढले जातात, त्यात बऱ्याच कॅमेऱ्यांत सेन्सरपुढं बारीक डिटेल किंचित धूसर करणारा लो-पास फिल्टर असतो, मग साईझ बदलताना अजून थोडं जातं आणि कागदावर उतरताना अजून.

म्हणून रॉवर हलकं शार्पनिंग करा, पण खरं काम शेवटचं. कलर, क्रॉप सगळं झालं, मग ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) प्रिंटची साईझ लावली, आणि त्यानंतरच शार्पन. हा क्रम मोडू नका. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० बाय ४००० असतो. १२ बाय १८ ला ५४०० बाय ३६०० लागतात म्हणजे जवळपास तेवढेच, पण ४ बाय ६ ला फक्त १८०० बाय १२००, तिथं मोठ्या फाईलवर केलेलं शार्पनिंग बारीक होताना विरून जातं. २० बाय ३० ला उलटं, फाईल ताणली की कडांच्या पांढऱ्या रेघापण ताणल्या जातात.

त्या रेघा येतात कुठून? अनशार्प मास्क, म्हणजे फोटोशॉपमधला शार्पनिंगचा फिल्टर, नवीन डिटेल काही तयार करत नाही, तो कडेची गडद बाजू अजून गडद करतो आणि उजळ बाजू अजून उजळ. ३०० पीपीआयला एक पिक्सेल म्हणजे ०.०८ मिलिमीटर, हातात धरलेल्या प्रिंटवर एवढी रेघ डोळ्याला वेगळी दिसत नाही, नुसती धार जाणवते. रेडियस, म्हणजे त्या रेघेची रुंदी, ३-४ पिक्सेलवर नेला की मात्र बीबी का मकबऱ्याच्या मिनाराला आभाळाच्या बाजूनं पांढरी किनार दिसायला लागते. मी रेडियस १ ते १.५, अमाउंट (शार्पनिंगचा जोर) १०० च्या आसपास आणि थ्रेशोल्ड (किती फरक असला की कड धरायची) २-३ इथून सुरू करतो. १०० टक्के झूमला थोडं जास्तच वाटेल, वाटू द्या, ५० टक्क्यांवर बघून ठरवा.

आता पैठणी. पदरावरच्या मोराची जर, काठाची वीण, ही धारदार यायलाच पाहिजे, नवरीकडच्यांचं पहिलं लक्ष तिथंच जातं. पण तेच शार्पनिंग शेजारी बसलेल्या आजीच्या गालावर गेलं की प्रत्येक सुरकुती कोरल्यासारखी होते, आणि ते मला अजिबात पटत नाही. फोटोशॉपमध्ये लेयर डुप्लिकेट करून शार्पन करा, ब्लेंड मोड ल्युमिनॉसिटी (रंग न बदलता फक्त उजळ-गडद बदलणारा) ठेवा म्हणजे कडांना रंग फुटत नाहीत, मग मास्क लावून डोळे, पापण्या, नथ, जर एवढंच उघडं ठेवा, गाल-कपाळ झाकून टाका. वेरूळच्या कैलास लेण्याचा दगड याच्या उलट, त्या बेसॉल्टवरच्या छिन्नीच्या खुणा जास्त अमाउंट आरामात सोसतात, फक्त आतल्या अंधारात आयएसओ वाढवलेला असला तर नॉइज आधी काढा, नाहीतर दगडाऐवजी दाणेच शार्प होतात.

कागदाचं पण बघा. लॅबच्या केमिकलवाल्या फोटो पेपरवर उजेडानं प्रिंट होतो, तिथं कमी शार्पनिंग पुरतं. इंकजेटच्या मॅट पेपरवर आणि कॅनव्हासवर शाई पसरते, तिथं जास्त लागतं. लाईटरूममधून एक्स्पोर्ट करणाऱ्यांना मॅट आणि ग्लॉसी असा पर्याय तिथंच मिळतो, स्टँडर्डवर ठेवलं तरी बऱ्यापैकी काम होतं. लॅबवाल्या दादांना एवढं जरूर विचारा की मशीन स्वतःहून शार्पन करते का, करत असेल तर ऑटो करेक्शन बंद ठेवायला सांगा, नाहीतर दुहेरी शार्पनिंगनं केस तारेसारखे येतात.

आणि मोठी ऑर्डर द्यायच्या आधी एक ८ बाय १२ टेस्टसाठी काढाच. १२ बाय १८ च्या फाईलमधून चेहरा आणि पदर येईल अशी पट्टी कापा, साईझ न बदलता तीच पट्टी ५०, १००, १५०, २०० अमाउंटनं एकाखाली एक लावा, प्रत्येकीवर आकडा टाका आणि प्रिंट दिवसाउजेडी बघा. फाईल पेनड्राइव्हनं द्या किंवा ड्राइव्हची लिंक पाठवा, व्हॉट्सअपवर साधा फोटो म्हणून टाकली तर ती लहान होऊन दाबली जाते आणि टेस्टला काही अर्थ राहत नाही.