मक्याला स्फुरद: किती, कुठे आणि कोणत्या मातीत

मक्याला एकरी स्फुरद (फॉस्फरस) किती, हे बहुतेकांना तोंडपाठ असतं. ते बियाण्यापासून किती अंतरावर पडलं, हे मात्र क्वचितच कुणी उकरून बघतं. खरं तर बघायचं तेच.

नत्र (नायट्रोजन) पाण्याबरोबर वाहतं, स्फुरद पडल्या जागेपासून जेमतेम काही मिलिमीटर सरकतं. मुळानेच त्याच्यापर्यंत पोचायचं, आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मक्याची मुळं तोकडी असतात. म्हणून वरून फोकलेलं डीएपी (डाय-अमोनियम फॉस्फेट, नत्र-स्फुरदाचं खत) कोवळ्या रोपाच्या फारसं कामी येत नाही. दोनचाडी पाभरीने (बी आणि खत वेगवेगळ्या नळ्यांतून पेरणाऱ्या अवजाराने) खत बियाण्याच्या बाजूला ५ सेंमी आणि तेवढंच खोल पडू द्या. बियाण्याला चिकटून पडलं, तर डीएपीतल्या अमोनियाने कोंब करपतो. हलक्या, कमी ओलीच्या रानात जास्तच.

आता माती. पाटण-महाबळेश्वरकडची तांबडी माती आम्ल. तिथे लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद धरून बसतात. आफ्रिकेतल्या सव्हाना पट्ट्यातल्या झिजलेल्या तांबड्या मातीतही मका अनेक ठिकाणी याच कारणाने अडतो. सातारा-सांगलीकडच्या माण, आटपाडी, जतच्या चुनखडीच्या रानात हेच काम कॅल्शियम करतं. म्हणून रॉक फॉस्फेट (स्फुरदयुक्त खडकाची भुकटी) आम्ल मातीत हळूहळू लागू पडतं, चुनखडीत ते टाकणं म्हणजे पैसे पुरणं. तिथे सुपर फॉस्फेट कुजलेल्या शेणखतात मिसळून ओळीत द्यावं, म्हणजे खताचा मातीशी संपर्क कमी येतो.

हेक्टरी १२०:६०:४० किलो (नत्र:स्फुरद:पालाश) ही शिफारस धरली, तर एकरी २४ किलो स्फुरद लागतं. डीएपीची ५० किलोची एक बॅग २३ किलो देते, सोबत ९ किलो नत्र. सुपर फॉस्फेटच्या तीन बॅगा लागतात, पण त्यांतून गंधकही मिळतं. स्फुरद सगळं पेरणीलाच. उभ्या पिकात दिलेलं वाया जातं. माती परीक्षणात स्फुरद भरपूर निघालं, तर मात्रा बिनधास्त कमी करा.

रोपाची पानं जांभळी दिसली की लगेच खत ओतू नका. थंडीने, पाणी साचल्याने किंवा हुमणीने (मातीतल्या अळीने) मुळं खाल्ल्यानेही तसंच होतं. आधी रोप उपटून मुळं बघा. स्फुरदाचीच कमतरता असेल, तर जुनी पानं आधी जांभळी होतात, वाढ खुंटते आणि कणसाचे केस उशिरा बाहेर पडतात.

कोवळ्या पानांवर शिरेच्या दोन्ही बाजूंना पांढरट पट्टे आले, तर मात्र जस्त (झिंक) कमी पडलंय. स्फुरदाचा मारा जास्त झाला की हे दिसू शकतं. झिंक सल्फेट डीएपीत मिसळून कधीच देऊ नये, दोन्ही एकमेकांना बांधून टाकतात. ते एकरी ८ ते १० किलो, शेणखतात मिसळून वेगळं द्यावं.