राडारोड्यापासून पदपथापर्यंत: आमची वाटचाल

पुण्याजवळच्या वाघोली परिसरात आमचा पेव्हर ब्लॉक (पदपथावर बसवायचे काँक्रीटचे ठोकळे) आणि कर्बस्टोनचा (पदपथाच्या कडेचे दगड) कारखाना सुरू झाला, तेव्हा खडी आणि क्रश सँड (दगड दळून केलेली वाळू) जवळच्या खाणींतून येत असे आणि गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक गृहनिर्माण सोसायट्या. पुढे ठेकेदारांमार्फत सार्वजनिक कामांना माल जाऊ लागला. २०१६ साली केंद्र सरकारचे बांधकाम व पाडकाम कचरा व्यवस्थापन नियम आले आणि अशा कचऱ्यापासून बनलेला माल महापालिकांच्या व शासकीय कंत्राटांत १० ते २० टक्क्यांच्या आसपास बंधनकारक करावा, अशी तरतूद त्यांत दिसली, तेव्हा आम्ही राडारोड्याकडे, म्हणजे पाडकामाचा कचरा दळून त्याच्या खडीचे ब्लॉक बनवण्याकडे वळलो. त्याच वर्षीच्या सुधारित आयएस ३८३ या खडी-वाळूसाठीच्या भारतीय मानकाने साध्या (सळई नसलेल्या) काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत पुनर्चक्रित खडी वापरण्यास मुभा दिली होती.

कोथरूड-कर्वेनगरातील जुन्या इमारती पुनर्विकासासाठी पाडल्या जातात, तेव्हा पाडकाम करणारा सळई, ग्रिल, दारे-खिडक्या विकून मोकळा होतो. उरलेल्याला वाली नसतो. तो माल दळणे सोपे, निवडणे अवघड. पीओपीचा तुकडा काँक्रीटमध्ये गेला तर त्यातील सल्फेटमुळे ब्लॉक पुढे फुगून तडकू शकतो, म्हणून सरकत्या पट्ट्याशेजारी उभे राहून हातानेच निवड करावी लागते. शिवाय दळलेल्या खडीला जुन्या सिमेंटचा थर चिकटलेला असतो आणि तो पाणी पितो. कोरडी खडी मिक्सरमध्ये टाकली की मिश्रण पाहता पाहता घट्ट होते आणि साच्यातून निघताना ब्लॉकचे कोपरे झडतात. त्यामुळे खडी आदल्या संध्याकाळी भिजवून, वरचे पाणी निथळल्यावरच वापरायची, हा आमच्याकडचा नियम आहे.

मालाची प्रत जमली, तरी मागणी आपोआप आली नाही. अंदाजपत्रकातील बाबीच्या वर्णनात ‘दगडाची खडी’ असे लिहिले असेल, तर अभियंत्याची इच्छा असूनही तो आमचा ब्लॉक मोजमाप पुस्तकात (झालेल्या कामाची, बिलासाठीची नोंदवही) चढवू शकत नाही, कारण उद्या लेखापरीक्षणात उत्तर त्यालाच द्यायचे असते. (भिंतीवर लावण्याच्या हरित प्रमाणपत्रांपेक्षा अंदाजपत्रकातली एक ओळ आम्हाला अधिक मोलाची वाटते, ती यासाठीच.) म्हणून राडारोड्याच्या मालासाठी वेगळी सवलत मागणे आम्ही सोडले. खडी कोठून आली हे लिहिण्याऐवजी ब्लॉकची ताकद, जाडी आणि जलशोषण यांच्या अटी आयएस १५६५८ या पेव्हर ब्लॉकच्या मानकाप्रमाणे लिहाव्यात आणि नमुने त्रयस्थ प्रयोगशाळेत तपासावेत, एवढाच आग्रह आम्ही धरतो. त्या कसोटीवर आमचा ब्लॉक खाणीच्या खडीच्या ब्लॉकशेजारी बरोबरीने उभा राहतो.

पैशांचे दुखणे मात्र कायम आहे. लघुउद्योगांचे देणे ४५ दिवसांत चुकते करावे, असे २००६ चा कायदा सांगतो. ठेकेदार सांगतो की त्याचेच बिल अजून पास झालेले नाही. एका रस्त्याच्या कामात पदपथावर लोक चालू लागल्यानंतरही आमची रक्कम बराच काळ अडकून होती. तेव्हापासून नव्या ठेकेदाराकडून आगाऊ हिस्सा घेतल्याशिवाय आम्ही गाडी भरत नाही.

२०२५ च्या नव्या नियमांनी २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकाम प्रकल्पांवर कचऱ्याची जबाबदारी टाकली असून त्यांची अंमलबजावणीची तारीख १ एप्रिल २०२६ ठरवलेली आहे. ती लक्षात घेऊन आम्ही पाडकाम करणाऱ्यांशी थेट बोलणी सुरू केली आहेत: पीओपी आणि लाकूड जागेवरच वेगळे करून आणणाऱ्याकडून राडारोडा उतरवून घेण्याचे पैसे कमी घेतले जातील.