नंदीध्वज आणि वर्गमूळ

जानेवारीत गड्डा यात्रा जवळ आली की सोलापुरातल्या कुठल्याही वर्गात मुलांचं मन सिद्धेश्वरांच्या देवळाकडं धावतं. त्या दिवशी दहावीला गुरुत्वाकर्षणाची उजळणी चालली होती आणि मागच्या बाकावरचा एकजण तळहातावर पट्टी उभी तोलत होता. पट्टी सारखी पडत होती. हा मुलगा घरच्या मोठ्यांबरोबर नंदीध्वजाच्या, म्हणजे यात्रेत कमरेवर उभी पेलतात त्या उंच काठीच्या, सरावाला जातो, हे मला ठाऊक होतं.

"तीस फुटांची काठी पेलता तुम्ही. मग ही एक फुटाची पट्टी का पडते रे?"

"सर, काठी जड असती. वजनामुळं ती हलत नाही."

सगळ्यांना पटलं. म्हणून एक लाकडी आणि एक लोखंडी पट्टी, दोन्ही एक फुटाच्या, भिंतीलगत सारख्याच कलवून सोडल्या. दोन्ही एकदमच खाली. वजनाचा भार पेलणाऱ्याच्या कमरेवर येतो, ताकद लागते ती त्यासाठी. पण पडण्याचा वेग वजनावर ठरत नाही.

मग चार फुटांचा बांबू आणला. तेवढाच कलवला, सोडला आणि मोबाईलवर चित्रण करून फ्रेम मोजल्या. मुलांना चौपट वेळ अपेक्षित होता, निघाला साधारण दुप्पट. क्षणभर कुणी बोललं नाही, मग एक मुलगी जवळजवळ ओरडलीच, "चारचं वर्गमूळ!"

अगदी बरोबर. लांब काठीच्या शेंड्याला तेवढंच कलायला चौपट अंतर कापावं लागतं, पण पृथ्वीची ओढ तीच. पडताना अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, म्हणून वेळ दुप्पट. तीसचं वर्गमूळ सुमारे साडेपाच. पट्टी एकदा कलायला लागली की तिचा कल दर 0.1 सेकंदाला साधारण दुप्पट होतो. तीस फुटी काठीला त्यासाठी अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ मिळतो.

माणसाचा हात किती चपळ? एकानं पट्टी सोडायची, दुसऱ्यानं चिमटीत धरायची. बहुतेकांच्या हाती ती 20 सेंटिमीटरच्या आसपास लागली, म्हणजे 0.2 सेकंद. पट्टी हातापेक्षा चपळ आणि काठी हातापेक्षा संथ. नंदीध्वज पेलता येतो तो या फरकामुळं, आणि वर्षानुवर्षांच्या सरावामुळं. मला हे गणित फार देखणं वाटतं.

तो मुलगा मात्र अजून विचारात होता. "सर, आम्हाला शेंड्याकडं बघायला सांगतात, बुडाकडं नाही. ते का?"

त्याला फळ्यापाशी बोलावलं. 1 अंश कलल्यावर टोक किती सरकतं ते काढायला लांबीला साइन 1 अंशानं, म्हणजे 0.0175 नं, गुणायचं. त्यानं आधी पट्टीसाठी गुणाकार केला: टोक जेमतेम 5 मिलिमीटर सरकतं. मग काठीसाठी केला. उत्तर आलं 0.52 फूट. "अर्धा फूट!" तो म्हणाला आणि लगेच दोन अंशांचं मांडायला लागला.