निवृत्त श्मिटची पत्रे

शनिवार, रात्री

आज ‘अबाउट श्मिट’ (२००२) पुन्हा पाहिला. अलेक्झांडर पेन यांच्या या चित्रपटात जॅक निकल्सन यांनी ओमाहातील एका विमा कंपनीतून निवृत्त होणाऱ्या वॉरन श्मिटची भूमिका केली आहे. श्मिट विमागणिती आहे. वय, व्यवसाय, वैवाहिक स्थिती आणि आजारांचा इतिहास हाती आला की माणूस आणखी किती जगेल याचा अंदाज तो बांधू शकतो, पण मोकळ्या दिवसाचे काय करावे हे त्याला उमगत नाही.

काही अडले असेल तर मदत करावी म्हणून तो ऑफिसात जातो. त्याच्या जागी आलेला तरुण आदराने बोलतो आणि तितक्याच आदराने त्याला वाटेला लावतो. बाहेर पडताना श्मिटला आपल्या फायलींची खोकी कचऱ्यात टाकलेली दिसतात. घरी येऊन मात्र तो बायकोला सांगतो की, बरे झाले गेलो, माझी मदत लागलीच. या प्रसंगात दुष्टपणे कोणीच वागत नाही, आणि म्हणूनच श्मिटला रागवायलाही कोणी सापडत नाही.

तो राग पत्रात उतरतो. दरमहा २२ डॉलर देऊन त्याने टांझानियातील एन्डुगू या ६ वर्षांच्या मुलाचे पालकत्व स्वीकारलेले असते. त्याला लिहायला घेतलेले सभ्य पत्र बघता बघता ऑफिसातल्या नव्या माणसावर आणि ४२ वर्षांच्या संसारावर घसरते. मग अचानक भानावर येऊन श्मिट त्या मुलाला सुचवतो की, सोबतचा चेक वटवून काहीतरी खाऊन घे. मी इथे मोठ्याने हसलो, आणि हसताना श्मिटविषयीची माया वाढतच गेली, कारण मनातले बोलायला या माणसाला कधीही न भेटलेले एक मूलच उरले आहे.

पुढे पत्नीचे अचानक निधन होते, आणि तो भलीमोठी मोटारहोम घेऊन मुलीचे लग्न मोडायला डेन्व्हरकडे निघतो. प्रवासाचा भाग मला थोडा लांबलेला वाटला. लग्नातले भाषण मात्र विलक्षण आहे: नापसंत जावयाबद्दलचे सगळे ओठांवर असताना, निकल्सन प्रत्येक वाक्यापूर्वी क्षणभर थांबतात आणि त्या कुटुंबातील एकेकाविषयी काहीतरी चांगले शोधून बोलतात.