करवलीचे केस

हळदीच्या घरी गेले की माझी पहिली नजर प्लग पॉइंटवर जाते. किती आहेत, आरसा कुठे आहे, एकुलत्या एका पॉइंटात कूलर तर खुपसून ठेवलेला नाही ना. चोपड्यात पार्लर चालवून मला १४ वर्षं झाली. नवरीचं रूप वगैरे नंतर, आधी वायर पुरते का ते बघायचं.

मे महिना होता. तापीकाठचं गाव, रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा. दुपारी दीडला गाडीतून उतरले तेव्हा पारा ४४ वर. काम ठरलं होतं ते नवरीचं: हळदीचा मेकअप, अंबाडा, फुलांचे दागिने. आत गेले तर नवरी खुशाल मोबाइल बघत बसलेली आणि करवली, म्हणजे तिची धाकटी बहीण, डोक्याला टॉवेल गुंडाळून कोपऱ्यात रडत होती.

टॉवेल सोडला. केसांत बोटं घातली ती तिथेच अडकली. राठ केस, वरून पांढुरकी पूड. उजव्या बाजूची टोकं तर विझलेल्या फुलबाजीच्या तारेसारखी. आणि वास. चुलीत केस पडला की येतो तो.

थोडं थोडं करत तिने सांगितलं. तिला बीच वेव्हज हवे होते. समुद्रावरून आल्यासारखे, सैलसर, मुद्दाम न केल्यासारखे वाटणारे. व्हिडिओत मिठाच्या पाण्याचा स्प्रे सांगितला होता. हिने तांब्याभर बोअरच्या पाण्यात मूठभर मीठ घातलं आणि डोक्यावर ओतलं. लाटा काही येईनात, म्हणून बहिणीचा स्ट्रेटनर २३० अंशांवर ठेवून ओलेच केस त्यावर गुंडाळले.

"चर्र आवाज आला ताई, वाफपण आली. मला वाटलं, बसतंय आता."

बसतंय कसलं! ओल्या केसाला तापलेली पट्टी लागली की केसाच्या आतलं पाणी उकळतं, वाफ होते आणि केसात फुगे धरतात. तिथून तो पुढेमागे तुटतोच. कुठल्याही सिरमने तो जुळत नाही, आणि जुळतो असं सांगून बाटली विकणारे आमच्या धंद्यात कमी नाहीत. मी कात्री काढली. आईचा जीव खालीवर झाला, "अहो, हळदीच्या दिवशी केस कापायचे?" दोन इंच टोकं गेली. ती आजीने कागदात गुंडाळून कमरेला खोचली, कुणाच्या पायाखाली यायला नकोत म्हणून.

मिठाचं पाणी वाईट नसतं, हे मी तिला सांगितलं. मिठाने केसाला थोडा खरखरीतपणा येतो, एक केस दुसऱ्याला धरून राहतो आणि लाट भरल्यासारखी दिसते. पण कपभर कोमट पाण्याला एक लहान चमचा, त्यात थोडी कोरफड, आणि तेही फवारून. डोक्यावर ओतून नाही. मीठ ओलावा ओढून घेतं. मूठभर मीठ घातलं तर केसांची कैरीच व्हायची. त्यात आमच्या बोअरचं पाणी जड, बादलीच्या कडेला पांढरं किटण धरतं, तेच केसांवरही बसतं. त्यामुळे त्याच पाण्याने पुन्हा धुण्यात अर्थ नव्हता. मांडवात पाहुण्यांसाठी पाण्याचे जार आले होते. त्यातला एक मी मागितला.

काकांनी कमरेवर हात ठेवले. "मॅडम, ते फिल्टरचं पाणी प्यायचं आहे. एक जार ३० रुपयाला पडतो."

"काका, निम्माच द्या."

निम्म्यात भागलं नाही. आख्खा लागला.

शाम्पू, कंडिशनर होऊन केस मऊ पडले, आणि लाइट गेली. माझी टाँग, म्हणजे केस गुंडाळून वळण द्यायची तापणारी दांडी, घरच्या इन्व्हर्टरवर चालते, तिला फारसं लागत नाही. ड्रायर मात्र हजार वॅटच्या वर ओढतो. इन्व्हर्टर टूं करून बसतो. नवरीपुरती टाँग पुरली असती. पण करवलीच्या केसांना आज पुन्हा गरम काही लावायचं नाही, हे मी टोकं कापतानाच ठरवलं होतं. लाइट असती तरी.

"मग वेव्हज?" तिने नाक ओढत विचारलं.

"होतील. घरात जवस आहे का?"

खान्देशात हा प्रश्नच नाही. चटणीसाठी ठेवलेल्या जवसातले दोन मोठे चमचे दोन कप पाण्यात टाकून मी गॅसवर ढवळत उभी राहिले. सातआठ मिनिटांत पाण्याला अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार सुटली. हे गरम असतानाच गाळायचं, निवलं की फडक्यातून खाली येतच नाही. पार्लरमध्ये मी महागाचा जेल वापरते, गिऱ्हाइकाला बाटली दिसावी लागते. हातात मात्र मला जवसाचाच बरा वाटतो.

तोवर तिचे केस गच्चीवर मांडवाच्या सावलीत निम्म्याहून जास्त वाळले होते. बाहेर झळा सुटल्या होत्या; आमच्याकडचा मे हाच मोठा ड्रायर. वेणी घालायची ती अशा दमट केसांवर. चिंब असले तर आतून रात्रीपर्यंत वाळत नाहीत, कोरडे झाले तर आकार धरत नाहीत. जळगावला एका वर्कशॉपला गेले होते, तिथे शिकवणाऱ्या बाईंनी कारण सांगितलं होतं. केस केराटिनचा असतो. पाणी लागलं की त्यातले हायड्रोजन बंध सुटतात आणि वाळताना केस ज्या आकारात असेल त्याच आकारात पुन्हा बांधले जातात. टाँगमध्येही तेच होतं, फक्त तिथे काम उष्णता करते. म्हणून कर्ल गरम असताना विंचरला की गेलाच, तो गार होऊ द्यायचा. पर्मिंगमध्ये, म्हणजे औषध लावून केस कायमचे कुरळे करतात त्यात, वेगळे, पक्के बंध तोडून जोडतात, ते धुतल्याने जात नाहीत. मी ते वहीत लिहून घेतलं होतं. खरं सांगायचं तर समजलं त्या दिवशी गच्चीवर.

पाच वेण्या घातल्या. शाळेत घालतात तशा करकचून नाहीत. सैल, आणि मुळापासून नाही, कानाच्या पातळीपासून पुढे. मुळाशी वळण आलं तर डोकं टोपलीएवढं दिसतं. पुढच्या दोन्ही बटा चेहऱ्यापासून मागे जातील अशा पिळल्या. खाली इंचभर टोक मोकळं सोडलं, कारण टोकापर्यंत वळण आलं की बीच वेव्ह राहत नाही, बाहुलीचे कुरळे केस होतात. रबरं कमी पडली, तेव्हा आजीच्या जुन्या सुती पातळाच्या चिंध्या फाडून बांधल्या.

आजी शेजारीच बसून बघत होत्या. म्हणाल्या, "हाई काय शे वं? यान्हामा काय नवं शे?" त्यांच्या लहानपणी आठवड्याने न्हायचं आणि ओल्यातच वेणी घालायची. वेणी सोडली की केस असेच नागमोडी. तेव्हा आई मारून मुटकून ते तेलाने चापून बसवायची.

करवलीला गच्चीवर वारा लागेल अशी बसवून मी खाली नवरीकडे वळले. नवरीचं सगळं सरळ झालं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

साडेपाचला आईची घाई सुरू झाली, "सोडा आता, फोटोवाला आलाय." मीही घाईत मानेजवळची वेणी सोडली. चूक माझीच. ती आतून दमट होती. सुटली आणि बघता बघता सरळ झाली. बाकीच्या चार वेण्या दाबून पाहिल्या. त्या लागत होत्या कोरड्या, पण तरी मी फोटोवाल्याला चहा द्यायला लावला आणि आणखी पाऊण तास कुणालाही हात लावू दिला नाही.

मग एकेक वेणी खालून वर सोडत गेले. जवसाने केस थोडे कडक झाले होते. तळहातांवर दोन थेंब खोबरेल चोळून ते खालून मुठीत चुरगाळले, तशी कडक कड मोडली आणि लाट सुटली. कंगवा अजिबात नाही, नुसती बोटं. डोकं खाली घालून एकदा झटकलं. उजवीकडची लाट डावीकडच्यापेक्षा मोठी होती, वेण्याच तशा कमीजास्त पडल्या होत्या. टाँगने मला तसं मुद्दाम करावं लागतं, प्रत्येक बट उलटसुलट दिशेने गुंडाळून. मानेजवळची ती सरळ बट आत वळवून पिन मारली आणि वर मोगऱ्याचा गजरा लावला.

करवलीने आरशात बघितलं. काही बोलली नाही, फोन काढला.

दारात मावशी भेटल्या. हातात कंगवा. "अगं, केस विंचरायचे राहिले की पोरीचे!" मी त्यांच्या हातातून कंगवा अक्षरशः हिसकावला. आजी मागून म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे वं, तशीच फॅशन शे ती."

लाइट नऊला आली. तोवर ढोल झाला, हळद झाली, पोरी नाचून घामाघूम झाल्या आणि लाटा जशाच्या तशा. मुंबईला माझ्या नणंदेच्या मुलीचे असेच केस केले होते, ते पावसाळी हवेत दोन तासांत उतरले. हवेतला दमटपणा ते बंध पुन्हा सैल करतो. समुद्राच्या नावाची ही फॅशन टिकते मात्र आमच्या कोरड्या उन्हाळ्यात! करवलीने अजून समुद्र पाहिलेला नाही. गावाजवळून जाणारी तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते, एवढं तिला शाळेतलं आठवत होतं.

वरणबट्टी आणि वांग्याची भाजी खाऊन सामान आवरलं. करवलीच्या केसांचे पैसे मी सांगितले नव्हते. वडिलांनी ठरलेली रक्कम मोजली आणि वर पाचशेची नोट ठेवली. काका शेजारीच उभे होते.

"त्यातले ३० जारचे," ते म्हणाले.

मी दिले. मग आईने गाडीपर्यंत येऊन विचारलं, उद्या लग्नाला सकाळी किती वाजता वेण्या घालायला बसायचं, कारण आता सहा पोरी होत्या.

"आज रात्रीच घाला," मी म्हटलं, "सैल घाला आणि घालून झोपू द्या. आणि जवस आणून ठेवा."